रुईतला जांभळा धागा

मलकापूर,
६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप जनकामावशीस,
मंजुश्रीचा जय भीम.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही. ओरडून खुशाली सांगावी तर खोलीच्या मालकीणबाई दारात येऊन विचारतात, कोणाशी भांडण झालं का म्हणून. तेव्हा आता पत्रच बरं. आईने तुला लिहायला-वाचायला शिकवलं ते असं माझ्या कामी आलं.

कारखाना चांगला आहे. शेतातून आलेल्या कापसाची सरकी वेगळी करायची आणि रुई दाबून गाठी बांधायच्या, एवढंच इथलं काम. माझं काम त्याहून लहान आणि त्याहून चिकट. गाठीत रुईशिवाय दुसरं काही जाऊ नये हे मी पाहायचं. तुला वाटेल, कापसात दुसरं काय असणार? मावशी, काय नसतं ते विचार. कोंबडीची पिसं, केस, गुटख्याच्या पुड्या, खताच्या पोत्याची सुतळी. सापडेल ते आम्ही फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर चिकटवतो आणि खाली नाव लिहितो. माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना दिसावं म्हणून.

यंदा पहिलाच माल सूतगिरणीने परत पाठवला. रंगीत धागे निघाले. बोटभर धागा यंत्रात गेला की त्याचे तुकडे होऊन साऱ्या रुईत पसरतात, मग ते कोणाच्या बापाला वेचून काढता येत नाहीत. पुढे कापड रंगवलं की तिथे तिथे डाग. शेठजी म्हणाले, अजून एकदा माल परत आला तर गिरणी आपलं नाव कापेल.

यंत्राआधी एक लांब पट्टा चालतो. त्यावरून कापूस सरकतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया कचरा वेचतात. त्यांच्यातल्या वच्छलाबाईंनी मला पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातली अर्धी भाकर दिली. म्हणाल्या, "साहेबीण असशील तं अस, पण उपाशी साहेबीण आम्हाले नाही चालत."

एक काम कर. सोनाळ्यात सगळ्यांना सांग, कापूस खताच्या पोत्यात भरू नका. आपल्या गावचा माल रामरावांच्या टेम्पोतून इथेच येतो. तो फाटकातून आला की मला उगाच माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं.

तुझी,
मंजुश्री


सोनाळा,
१५ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव मंजूस,
तुझ्या मावशीचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी स्वतः वाचलं आणि मग कापूस वेचणाऱ्या साऱ्या बायांले वाचून दाखवलं. भाकरीची गोष्ट ऐकून अन्नपूर्णाबाई म्हणाली, त्या वच्छलाबाईले माझा रामराम लिही.

तू सांगतलं ते माझ्या ध्यानात पक्कं बसलं. भाकरीत खडा लागला तर तो जेवणाऱ्यानं शोधू नये, निवडणारीनं सुपातच काढावा. गिरणीवाले जेवणारे, तुम्ही थापणारे, आणि सूप आमच्या हातात. खरं ना? तेव्हा तू बेफिकीर राह्य. रामरावच्या वावरात मी स्वतः उभी राहून सांगतलं, खताचं पोतं दिसलं तर मी ते ज्याच्या त्याच्या डोक्यावर घालीन. रामराव म्हणे, "जनकाबाई, वावर माझं की तुमचं?" मी म्हटलं, वावर तुमचं, पण मलकापूरले साहेबीण आमची आहे.

आणखी एक ऐक, तुले खुशी वाटेल. कमरेले बांधून कापूस वेचायच्या झोळ्या बायांपाशी प्लास्टिकच्याच होत्या. त्या मी बंद केल्या. पेटीत तुझ्या आईच्या साड्या पडून होत्या. महामाया जाऊन दोन वर्षं झाली, घडीवर घडी तशीच. म्हटलं, जिनं जन्मभर कापूस वेचला तिची साडी पेटीत काऊन कोंडावी? तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी, दसऱ्याच्याही आधी, बसून साऱ्यांच्या झोळ्या शिवल्या. वेचणाऱ्या प्रत्येकीच्या कमरेले आता तुझी आई आहे. जांभळी, हिरव्या झाकेची, तुझ्या शाळेच्या गॅदरिंगले ती नेसून आली होती ना, तिच्यासाठी तर बाया भांडल्या. ती अन्नपूर्णाबाईनं पटकावली.

तुझ्या आईले बाई व्हायचं होतं, शाळेतली बाई. चौथीवर शाळा सुटली, मग मलेच शिष्य केलं. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढायची आणि मी चुकली की कोळसा माझ्या नाकाले लावायची. हे पत्र त्याच अक्षरात आहे. चुका काढू नको.

तुझी मावशी,
जनका


मलकापूर,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
जय भीम.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कामाची गर्दी आहे.

पोती बंद झाली, सुतळी कमी झाली, पण रंगीत धागे येतच आहेत. या आठवड्यात पट्ट्यावर जांभळे सापडले. वच्छलाबाईंची एक जांभळी साडी आहे. शेठजींनी त्यांचा पदर पाहिला आणि तिथेच ठरवलं. बाया म्हणतात पदर धड आहे. शेठजी म्हणतात, धड असेल तर धागा काय आभाळातून पडला? दोन दिवसांत काय ते पाहतो म्हणाले.

आईची ती जांभळी साडी, म्हणजे तिची झोळी, अजून वापरात आहे का? सहज विचारते. आणि पेटीत आता काय काय उरलं आहे?

तुझी तब्येत सांभाळ. थंडीत कानाला रुमाल बांध.

मंजुश्री


सोनाळा,
५ डिसेंबर २०२४

चिरंजीव मंजूस,
आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं एवढंसं पत्र पाहून आधी वाटलं, पोरगी रुसली. आईच्या साड्या फाडल्या म्हणून राग आला असेल. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि मी गालात हसली. पेटीत काय उरलं हे पोरगी सहज विचारत नसते. मीही एकदा वयाची होती. नाव काय त्याचं? मलकापूरचाच आहे का? नोकरी नसली तरी चालेल, ऐकून घेणारा असला म्हणजे झालं.

तर ऐक. रंगीत साऱ्या फाडल्या, पण पांढरी ठेवली आहे. तुझी आई तिच्या लग्नात नेसली होती ती. शुद्ध सुताची, अजून नवी दिसते. जाण्याच्या आधी तिनं माझ्या हातात देऊन सांगतलं होतं, मंजू बुद्धापुढं उभी राहील तव्हा हीच. तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहे. कव्हा आणू ते सांग.

जांभळी झोळी म्हणशील तर ती रोज वावरात जाते. काठाशी फसकून पार झालर झाली आहे, धागे लोंबतात. म्हटलं, आण, दोन टाके घालून देते, तर अन्नपूर्णाबाई हातची सोडत नाही. म्हणते, महामाया संगं असली की हात भराभर चालतो. झोळी रिकामी केली की दोन-चार धागे कापसासंगं जातात, ते ती वेचतही नाही. म्हणते, जाऊ द्या, लेकीले भेटायले मलकापूरले चालली. साऱ्या हसतात. मलेही ते ऐकून बरं वाटते.

त्या वच्छलाबाईचं काय झालं? पदराचा धागा गेला म्हणून बाईले कोणी कामावरून काढते का? तू साहेबीण आहेस, दोन शब्द बोल. जिनं भाकर मोडून दिली तिच्यासाठी तोंड नाही उघडायचं तर शिकली कायले?

उद्या संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावायले जाईन. एक तुझ्या नावानं.

जनकामावशी


मलकापूर,
१६ डिसेंबर २०२४

ती. मावशीस,
जय भीम.

हे पत्र बसून वाच आणि बायांना वाचून दाखवायच्या आधी एकटीने वाच.

मुलगा-बिलगा कोणी नाही. तो जांभळा धागा पट्ट्यावर सापडला तेव्हाच मी ओळखला होता. जांभळ्यात हिरवा अडकलेला. गॅदरिंगच्या दिवशी त्याच पदरात तोंड लपवून मी रडले होते, पाठांतर विसरले म्हणून. तुझं पत्र त्याच्या आधीच आलं होतं, त्यामुळे तो कुठून आला हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सापडलेली प्रत्येक गोष्ट फळ्यावर लावायचा नियम मीच केलेला. तो धागा मात्र मी पर्समध्ये ठेवला. शेठजी वच्छलाबाईंच्या पदराकडे बोट दाखवत होते आणि मी खाली पाहत होते.

त्यांना घरी बसवलं. निघताना त्यांनी डबा तेवढा उचलला.

मी काय काय मनाशी धरलं होतं सांगू? की सोनाळ्याचा माल बंद करतील. की तुला कळलं तर तुझ्या जिवाला लागेल. की आईचा धागा गुटख्याच्या पुडीशेजारी लावावा लागेल. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीच वच्छलाबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. मग तुझं पत्र आलं. ‘शिकली कायले’ हे तू सहज लिहिलंस, मला रात्र जड गेली.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंच्या घरून त्यांच्या साडीचा एक धागा मागवून घेतला आणि शेठजींसमोर दोन्ही जाळून दाखवले. त्यांच्या धाग्याची वितळून काळी गोळी झाली, कारण ती साडी सुती नाहीच. आपल्या धाग्याचं टोक पेटवलं, त्याची कागदासारखी राख झाली. म्हटलं, शेठजी, हा यांचा नाही. हा कापूस वेचायच्या झोळीचा आहे. झोळी सोनाळ्याची आहे आणि साडी माझ्या आईची.

शेठजींनी राख बोटांनी चुरून पाहिली. मग म्हणाले, वच्छलाबाईंना बोलवा. आणि सोनाळ्याच्या बायांच्या कमरेला पांढरी सुती झोळी येईपर्यंत त्या गावचा टेम्पो फाटकाच्या आत येणार नाही.

वच्छलाबाईंना बोलवायला मीच गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "पोरी, एवढं सांगायले इतके दिवस काऊन लागले?"

मी म्हटलं, "त्यात आई होती."

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग लागतीलच. आई काही पटकन हातातून सुटत नाही." आणि पदर झटकून कामावर यायला निघाल्या. वाटेत मात्र म्हणाल्या, "पण पुन्हा असं केलं तं भाकर बंद."

मावशी, खडा सुपातच काढावा असं तूच लिहिलं होतंस. आता सुपात आईच आहे. त्या झोळ्या थांबव. हे मला फोनवर ओरडून सांगता आलं नसतं.

मंजू


सोनाळा,
२८ डिसेंबर २०२४

माझ्या मंजूस,

पत्र एकटीनंच वाचलं. वाचून ठेवलं ते दोन दिवस पुन्हा हातात घेतलं नाही. राग तुझा नव्हता. मी एवढ्या हौसेनं शिवलेलं तुझ्याच ताटात खडा होऊन गेलं, आणि तू तो माझ्यासाठी गिळत बसली, याचं वाईट वाटलं. पोरी, आमच्या चुका झाकायचं काम तुले कोणी दिलं? तुले दिलं ते कापूस पाहायचं.

तिसऱ्या दिवशी बायांले बोलावलं आणि पत्र वाचून दाखवलं, सारं. वच्छलाबाई डबा उचलून गेली तिथवर मी आली आणि अन्नपूर्णाबाई उठून घरी निघून गेली. मी समजली, झोळी काही ती देत नाही.

बाकीच्यांनी दिल्या. आता पांढरं सुती कापड पाहिजे होतं. घरोघर पांढरं निघालं, पण तुझ्यासारखं जाळून पाह्यलं की गोळी. चादर गोळी, पडदा गोळी. तेवढ्यात रामराव आला. टेम्पो अडकला म्हणून त्याचा जीव टांगणीले. म्हणे, हे घ्या माझं धोतर, अस्सल सूत, लावा काडी. मी त्याचा एक धागा ओढला आणि काडी लावली. चांगली वाटाण्याएवढी गोळी झाली. मी म्हटलं, "रामरावजी, तुमचं धोतर नापास." तो म्हणे, "हे व्याह्यानं आहेरात दिलं होतं जनकाबाई, सूत म्हणून दहा जागी सांगतलं. आता त्याले काय म्हणू?" मी म्हटलं, व्याह्याले काही म्हणू नका, फक्त त्याच्या घरी काडी पेटवू नका.

हसणं झालं, पण कापड कुठं होतं? मग मी पेटी उघडली. पांढरीचा एक धागा काढला आणि जाळला. मंजू, अशी हलकी राख झाली की फुंकरीआधी उडाली. म्हटलं, महामाया, तुले कापसातच जायचं आहे तर शुद्ध होऊन जा. पोरीच्या लग्नाले मी दुसरी घेईन. साडी खाटेवर पसरली आणि कात्री घेतली.

अन्नपूर्णाबाईनं मागून येऊन माझा हात धरला. दुसऱ्या हातात जांभळी झोळी होती, धुवून, वाळवून, घडी घातलेली. तेच करायले घरी गेली होती. म्हणाली, "हे घे माझी. पण हिले कात्री लावू नको. महामाया आमच्या कमरेले बांधली तेवढी पुरे. ही पोरीची आहे."

मी ऐकत नव्हती. तर साऱ्या जणी खाटेभोवती अशा उभ्या राह्यल्या की मले कात्री चालवाले जागाच ठेवली नाही. शेवटी रामराव घरी गेला आणि बापाच्या वेळची जुनी धोतरं घेऊन आला. आम्ही काडी लावली. साऱ्यांची राख. गावात आता म्हणतात, बाप पास, लेक नापास. त्याच्या झोळ्या शिवल्या, काठ दुमडून, पांढऱ्या दोऱ्यानं, एक धागा लोंबू दिला नाही. पहिल्या दिवशी अन्नपूर्णाबाईचा हात धीमा चालला. मग लागला.

टेम्पो पाठवत आहोत. नीट पाह्य. आपल्या गावचा आहे म्हणून सोडू नको.

तुझ्या पर्समधल्या धाग्याचं काय केलं?

जनकामावशी


मलकापूर,
९ जानेवारी २०२५

लाडक्या मावशीस,
जय भीम.

टेम्पो आला. मी ढीग स्वतः चार जागी उकरला, आपल्या गावचा आहे म्हणून जरा जास्तच. मग पट्ट्यावर सोडला. वच्छलाबाई बसल्या होत्या. कापूस सरकत राहिला आणि त्यांचे हात मांडीवर. काही वेळाने म्हणाल्या, "तुह्या मावशीनं तं आमचं कामच काढून घेतलं. बसल्या बसल्या झोप येऊन राह्यली." शेवटी एक पिवळं पान सापडलं तेव्हा बरं वाटलं त्यांना.

त्या गाठी गिरणीला पोचल्या आणि कालच निरोप आला, माल चांगला आहे. शेठजींनी रामरावांच्या ड्रायव्हरला झोळी मागितली, इतर गावांना दाखवायला. धोतराची आहे हे मी सांगितलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जाळून उरलेला धागा इतके दिवस पर्समध्येच होता. सोमवारी सकाळी सगळे यायच्या आधी मी तो फळ्यावर लावला. बाकी सगळ्यांना नियम आणि माझ्या आईला सूट, असं किती दिवस चालणार? खाली लिहिलं, ‘जुन्या साडीचा धागा. झोळी पांढऱ्या सुताचीच वापरा.’ जागा गुटख्याच्या पुडीशेजारीच उरली होती. लावला, आणि मला तिथून हलता येईना. आईने आयुष्यभर लोकांच्या कापसातली काडी वेचली, आणि मी तिला कचऱ्यात नेऊन बसवलं.

वच्छलाबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी गुटख्याची पुडी नखाने सोडवली आणि पार खालच्या कोपऱ्यात नेऊन लावली. म्हणाल्या, "कोणापाशी कोणाले बसवावं, एवढं तं पाहावं माणसानं." मग पदराने फळ्यावरची धूळ पुसली आणि पट्ट्यावर गेल्या.

तेव्हापासून रोज विचार करते आहे, बरं केलं की वाईट. तू सांग.

मंजू


सोनाळा,
२० जानेवारी २०२५

चिरंजीव मंजूस,

तुझं पत्र घेऊन मी थोडा वेळ चुलीमागच्या भिंतीपाशी जाऊन बसली. भिंतीले कितीदा चुना दिला, तरी तिथं तुझ्या आईनं काढलेला ‘अ’ मले दिसतो, दुसऱ्या कोणाले दिसत नाही.

तू म्हणते, आईले कचऱ्यात बसवलं. मले तसं वाटत नाही. रामरावचा ड्रायव्हर परवा येऊन सांगत होता, फाटकापाशी गाड्यांची रांग लागली की शेतकरी त्या काळ्या फळ्यासमोर येतात. ज्याले वाचता येते तो वाचतो, नाही त्याले दुसरा वाचून सांगतो. जांभळ्या धाग्यापाशी साऱ्यांचं बोट थांबते. एक म्हातारा म्हणे घरी जाऊन बायकोले सांगणार होता.

आता तूच पाह्य. तिले बाई व्हायचं होतं. जन्मभर तिले एक शिष्य मिळाली, ती अर्धी बहिरी, आणि फळा म्हणून चुलीमागची भिंत. आता खरा फळा मिळाला, फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत, आणि गावोगावचे शिष्य रांगेत उभे. तू तिले कुठं बसवलं हे तुले अजून समजलं नाही, एवढंच.

पांढरी साडी पेटीत आहे. कडुनिंबाचा पाला बदलला. घाई नाही.

वच्छलाबाईले सांग, अन्नपूर्णाबाईनं तिच्यासाठी ज्वारीचं पीठ टेम्पोत ठेवलं आहे. अर्धी भाकर फिटली पाहिजे.

आणि सकाळी कामावर जाताना फळ्यापाशी घडीभर थांबत जा. बाई आल्या आहेत, हजेरी देत जा.

तुझी मावशी,
जनका